डॉक्टर लेकरू अमेरिकेला निघाले : खरी माहिती फुकट कुठे मिळते?



सोयाबीन घरात आले, कापसाची पहिली वेचणी झाली, म्हणजे आपल्या परभणी भागात घरोघर हिशेबाची वही उघडते. बँकेचे किती, दुकानदाराचे किती आणि उरलेल्यातून लेकरांच्या शिक्षणाला किती, हा विचार याच दिवसांत होतो. या सदराकडे येणारी पत्रेही मग शिक्षणाविषयीचीच असतात. अलीकडे त्यांत एक नवा प्रश्न डोकावू लागला आहे. कोणी जिंतूरकडून विचारतो, कोणी गंगाखेडकडून, प्रश्न मात्र एकच : "मुलगी एमबीबीएस झाली. आता अमेरिकेत पुढचे शिक्षण घ्यायचे म्हणते. शहरातला एक माणूस सांगतो, अमुक लाख भरा, सगळे करून देतो. द्यावेत का?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. देऊ नयेत. त्या माणसाजवळ विकण्यासारखे काही नाही. जी माहिती तो लाखाला विकतो, ती अमेरिकेतल्या मूळ संस्थांनी इंटरनेटवर सर्वांसाठी फुकट ठेवलेली आहे. आणि जी जागा तो देतो म्हणतो, ती देणे त्याच्या हातात नाही. असे का, ते आज नीट समजून घेऊ. मजकूर थोडा लांबला तर रागावू नका. जमिनीच्या तुकड्याचा प्रश्न आहे.

हा प्रवेश नव्हे, नोकरी आहे

आपल्याकडे शिक्षण म्हटले की फी आली, देणगी आली, मॅनेजमेंटची जागा आली. त्यामुळे पालकांना वाटते की अमेरिकेतही तसेच असेल. तिथे ज्याला रेसिडेन्सी म्हणतात, ती तशी नाही. एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला इस्पितळात नोकरीवर घेतात, वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करवतात आणि त्यातूनच शिकवतात. त्याबद्दल त्याला पगार मिळतो. पहिल्या वर्षी तो साधारणपणे ६० ते ७० हजार डॉलर वार्षिक असतो. जनरल मेडिसिन, कुटुंबवैद्यक आणि बालरोग या शाखांना ३ वर्षे लागतात, मानसोपचाराला ४, सर्जरीला ५, मेंदूच्या सर्जरीला ७. काम कष्टाचे असते. आठवड्याला सरासरी ८० तासांहून जास्त काम घेऊ नये, असा नियम २००३ साली करावा लागला, यावरूनच कल्पना यावी.

जिथे शिकणाऱ्यालाच पगार मिळतो, तिथे त्याच्याकडून देणगी कोण घेणार? ही एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तरी निम्मे दलाल दारातूनच परत जातील.

तुमच्या मनात येईल, अमेरिकेला आपल्या पोरांची गरज ती काय? गरज आहे. तिथल्या दर चार डॉक्टरांत एकजण दुसऱ्या देशातल्या मेडिकल कॉलेजात शिकलेला आहे, आणि अशांत भारतात शिकलेल्यांचा गट सर्वांत मोठा आहे. त्यामुळे ही वाट खोटी नाही. मात्र ती नीट ठाऊक असली पाहिजे.

पूर्वी पत्राची वाट पाहावी लागे

ही वाट आपल्या मराठी माणसाला नवी नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली बोटीने अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. त्यांची वाट कशी उघडली? त्यांच्या शिक्षणाविषयीचा पत्रव्यवहार एका अमेरिकन मासिकात छापून आला, आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटर बाईंनी तो वाचला. मग पत्रे सुरू झाली. एक पत्र जायला आठवडे, उत्तर यायला आठवडे. मायदेशी परतल्यावर वर्षभरातच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, क्षयाने त्यांचा अंत झाला. वय उणेपुरे २२ देखील नव्हते.

त्याच फिलाडेल्फिया शहरात आज ती संस्था आहे, जी परदेशी डॉक्टरांची कागदपत्रे तपासते. तिचे नाव ईसीएफएमजी. ती १९५६ साली निघाली. आता तुमच्या मुलीला कोणा कार्पेंटर बाईंच्या नजरेस पडण्याची वाट पाहायला नको. मोबाइलवर रेंज असली की झाले. फक्त कोणत्या दारावर थाप द्यायची, ते कळले पाहिजे. दारे सहा आहेत. एकामागून एक पाहू.

पहिले दार : कॉलेज यादीत आहे का?

पेरणीआधी आपण पिशवीवरचा टॅग पाहतो. तसेच हे आहे. जगातल्या मेडिकल कॉलेजांची एक मोठी यादी आहे, वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स. वेबसाइट : डब्ल्यूडीओएमएस डॉट ओआरजी. तिथे कॉलेजचे नाव टाकायचे. नाव निघाले एवढ्यावर थांबू नये. त्या पानावर ईसीएफएमजीची स्वतंत्र नोंद असते, आणि कोणत्या वर्षी पदवी घेतलेल्यांना ती लागू आहे हेही लिहिलेले असते. ती ओळ वाचावी.

आपल्या देशातल्या कॉलेजांबाबत एक चांगली गोष्ट घडली आहे. आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाला, म्हणजे एनएमसीला, सप्टेंबर २०२३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या जागतिक महासंघाने १० वर्षांसाठी मान्यता दिली. म्हणून अंबाजोगाई, नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर इथे शिकलेल्यांना या बाबतीत काळजी नको. परभणीचे सरकारी मेडिकल कॉलेज २०२३ साली सुरू झाले. तिथल्या मुलांनी आत्तापासूनच आपल्या कॉलेजची नोंद पाहण्याची सवय लावून घ्यावी.

खरी सावधगिरी हवी ती परदेशात एमबीबीएसला जाणाऱ्यांनी. रशिया, जॉर्जिया, किरगिझस्तान, फिलिपाइन्स, कुठेही जा. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी पाहा. एक, वरील यादीतली ती ओळ. दुसरी, एनएमसीचे २०२१ चे नियम. त्यांनुसार किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि तिथलीच १२ महिन्यांची इंटर्नशिप लागते. ते नसेल तर इथेही अडेल आणि तिथेही. हे नियम एनएमसीच्या सरकारी वेबसाइटवर छापलेले आहेत.

दुसरे दार : परीक्षा

परीक्षेचे नाव यूएसएमएलई. १९९२ पासून ती चालू आहे. तिचे तीन टप्पे. रेसिडेन्सीसाठी पहिले दोन लागतात. तिसरा बहुतेक जण तिथे गेल्यावर देतात. पहिला टप्पा म्हणजे शरीररचना, औषधे, रोग यांचे मूळ ज्ञान. जानेवारी २०२२ पासून त्याचे गुण देत नाहीत. फक्त पास की नापास. दुसऱ्या टप्प्यात रोग्याचे निदान आणि उपचार. त्याला गुण मिळतात आणि इस्पितळे आता त्याच गुणांकडे पाहतात. दोन्ही परीक्षा संगणकावर, एकेका दिवसात, आठ-नऊ तास चालणाऱ्या. भारतात मुंबई, हैदराबाद अशा मोठ्या शहरांत केंद्रे आहेत. परभणीहून दोन्हीकडे रेल्वेने जाता येते, हे आपले नशीब.

दोन नियम फळ्यावर लिहून ठेवण्यासारखे आहेत. एकेक टप्पा जास्तीत जास्त ४ वेळा देता येतो. आणि एकदा पास झाले की गुण वाढवण्यासाठी तो पुन्हा देता येत नाही. म्हणजे अर्धवट तयारीने बसून कसेबसे पास होणे हेही नुकसानच. पी हळद अन् हो गोरी, असे इथे चालत नाही.

परीक्षेची सगळी माहिती यूएसएमएलई डॉट ओआरजी या वेबसाइटवर आहे : काय विचारतात, फी किती, नाव कुठे नोंदवायचे, तारखा कशा घ्यायच्या. आणि फार मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक टप्प्याचे नमुना प्रश्न तिथे फुकट आहेत. खऱ्या परीक्षेच्या पडद्यावर जसे दिसतात तसेच. महागडा क्लास लावण्याआधी मुलीला हे प्रश्न घड्याळ लावून सोडवायला सांगा. ती कुठे उभी आहे, ते तिचे तिलाच कळेल. क्लासवाला तिला ते सांगणार नाही.

याखेरीज डॉक्टरांसाठीची इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, तिचे नाव ओईटी. मराठी शाळेत शिकलेल्या मुलांनी घाबरू नये. या परीक्षेत कविता समजावून सांगायची नसते. रोग्याशी बोलायचे असते, पत्र लिहायचे असते. रोज अर्धा तास मोठ्याने बोलण्याचा सराव केला तर जमते. नमुन्याचे पेपर तिच्याही वेबसाइटवर फुकट आहेत.

तिसरे दार : प्रमाणपत्र

दोन्ही टप्पे पास झाले आणि कागदपत्रे जुळली की ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र मिळते. ते नसेल तर रेसिडेन्सी सुरू करता येत नाही. कागदांची तपासणी ते विद्यार्थ्याकडून नव्हे, तर थेट कॉलेज किंवा विद्यापीठाकडून करून घेतात. म्हणून खोटा कागद तिथे टिकत नाही, आणि तसे करणाऱ्याचा रस्ता कायमचा बंद होऊ शकतो. रोगी तपासण्याचे कसब पाहणारी जुनी परीक्षा २०२१ साली बंद झाली; तिच्या जागी आता 'पाथवे' नावाच्या वेगवेगळ्या वाटा आहेत. आपल्याला कोणती लागू, ते ईसीएफएमजी डॉट ओआरजीवर वाचावे. परीक्षा ठराविक मुदतीत, ७ वर्षांत, पूर्ण व्हाव्या लागतात, हेही लक्षात असू द्यावे.

इथे आपल्या घरच्या माणसांनी एक काम करायचे आहे, आणि ते पोराला एकट्याला जमत नाही. नावाचा मेळ घालायचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधार कार्डावर नंतर. वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे एकच अक्षर. मुलीचे लग्न झाले आणि आडनाव बदलले, पण पदवी माहेरच्या नावाची. इथल्या ऑफिसात असे फरक खपून जातात. तिथे परीक्षेच्या दारावर पासपोर्टवरचे नाव आणि नोंदणीचे नाव अक्षरन्अक्षर जुळले पाहिजे. म्हणून पहिला पैसा क्लासवर नव्हे, पासपोर्टवर खर्च करा, आणि तो पासपोर्ट सेवेच्या सरकारी वेबसाइटवरूनच काढा. गुणपत्रिकांचे काम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे असते. तेही विद्यापीठाच्या स्वतःच्या वेबसाइटवरून सुरू करावे.

चौथे दार : जागा शोधणे आणि अर्ज

अमेरिकेत कोणत्या इस्पितळात कोणत्या शाखेच्या किती जागा आहेत, ते कसे कळावे? तिथल्या डॉक्टरांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, फ्रीडा नावाची याद ठेवली आहे. शाखा निवडा, राज्य निवडा, याद पुढे येते. ते परदेशी डॉक्टरांना घेतात का, कोणता व्हिसा देतात, हेही पुष्कळ ठिकाणी दिलेले असते. बाजार समितीत आवक आणि भाव फळ्यावर लागतात ना, तसा हा फळा समजा. जागा खरोखर मान्यताप्राप्त आहे का, ते एसीजीएमई या मान्यता देणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर पाहता येते.

बहुतेक अर्ज इरास नावाच्या व्यवस्थेतून जातात. सप्टेंबरच्या अखेरीस इस्पितळे अर्ज पाहू लागतात, ऑक्टोबर ते जानेवारी मुलाखती होतात. करोनाच्या साथीपासून, म्हणजे २०२० पासून, मुलाखती बहुतेक ठिकाणी व्हिडिओवर होतात. त्यामुळे विमानाचे भाडे वाचले. मात्र मुलाखतीच्या वेळी आपल्याकडे संध्याकाळ किंवा रात्र असते. गावात लोडशेडिंग असेल तर त्या दिवशी मुलीला शहरात, नात्यातल्या कोणाकडे, खात्रीची वीज आणि इंटरनेट असेल तिथे बसवा.

पाचवे दार : मॅच

हे दार सर्वांत निराळे आणि समजायला सर्वांत गमतीचे. मुलाखती झाल्या की मुलगी आपली याद करते : मला पहिले हे इस्पितळ, दुसरे ते. इस्पितळही आपली याद करते : आम्हाला पहिली ही मुलगी, दुसरा तो मुलगा. दोन्ही यादी एका संस्थेकडे जातात, तिचे नाव एनआरएमपी. १९५२ पासून हे काम चालले आहे. तिथला संगणक दोन्ही बाजूंच्या पसंतीचा मेळ घालतो आणि मार्चच्या मध्यास निकाल लागतो. १ जुलैच्या सुमारास कामावर हजर व्हायचे. असा मेळ कसा घालावा, याच्या शास्त्रासाठी आल्विन रॉथ आणि लॉइड शॅप्ली या दोघांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

सांगायचा मुद्दा हा की, यात मध्यस्थाला जागाच नाही. मुलगी, इस्पितळ आणि संगणक. चौथा कोणी नाही. जो म्हणतो "माझी तिथे ओळख आहे, मॅच करून देतो", तो थापा मारतो.

आता आकडाही ऐकून घ्या, कारण तो ऐकल्याशिवाय निर्णय करू नये. २०२५ च्या मॅचमध्ये अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी डॉक्टरांपैकी शंभरातल्या ५८ जणांना जागा मिळाली. म्हणजे ४२ जणांना मिळाली नाही. निकालाच्या आठवड्यात उरलेल्या जागांसाठी पुन्हा अर्ज करता येतो, त्यात काहींची सोय लागते. सर्वांची लागत नाही. आणि हे ४२ काही ढ नव्हते. परीक्षा पास होऊन, प्रमाणपत्राच्या वाटेने इथवर आलेली ती हुशार पोरे होती. जनरल मेडिसिन, कुटुंबवैद्यक, बालरोग या शाखांत परदेशी डॉक्टरांना बऱ्यापैकी वाव असतो. त्वचारोग, अस्थिरोग अशा शाखांत फारच थोडा. कोणत्या शाखेत किती गुणांवर किती जणांना जागा मिळाली, याची जाडजूड पुस्तके एनआरएमपी डॉट ओआरजीवर फुकट आहेत. मुलीला म्हणा, "बाई, त्यातला आपल्यासारख्यांचा तक्ता मला दाखव आणि समजावून सांग." ती समजावून सांगू शकली, तर तिने अभ्यास केला आहे असे धरा.

सहावे दार : व्हिसा

जागा मिळाली तरी एक दार उरते. बहुतेक जण जे-वन व्हिसावर जातात. त्यासाठी आपल्या केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाचे पत्र लागते, आणि शिक्षण संपल्यावर मायदेशी परत येईन अशी लेखी हमी डॉक्टरने सरकारला दिलेली असावी लागते. त्या सहीचा अर्थ घरात सर्वांनी समजून घ्यावा. या व्हिसाच्या नियमाने शिक्षणानंतर २ वर्षे मायदेशी राहावे लागते. काहींना त्यातून सूट मिळते. पण ती कशी, ते ऐकण्यासारखे आहे. जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात ३ वर्षे काम करायचे. १९९४ पासून ही योजना आहे आणि दर राज्याला वर्षाला ३० डॉक्टर घेता येतात. ती आणणारे सेनेटर कॉनराड हे नॉर्थ डाकोटाचे, म्हणजे गहू पिकवणाऱ्या शेतकरी राज्याचे. श्रीमंत अमेरिकेतही खेड्यात डॉक्टर जायला तयार नाही आणि तिथे आपली पोरे उभी राहतात, असा हा प्रकार आहे.

दुसरा व्हिसा एच-वन-बी. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या अध्यक्षांनी नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची फी लावण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी मे-जूनमध्ये काही आठवडे जे-वनच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणेच थांबले होते. हे सांगण्याचे कारण एवढेच की व्हिसाचे नियम पावसासारखे बदलतात. मागच्या वर्षी गेलेल्या भाच्याचा सल्ला यंदा चालेलच असे नाही. अमेरिकन सरकारच्या व्हिसाच्या वेबसाइटवर त्या आठवड्यात काय लिहिले आहे, तेच खरे.

खर्चाची वही

आता पैशाचे. माहिती फुकट असली तरी वाट फुकट नाही. पहिल्या दोन टप्प्यांची फी प्रत्येकी हजार डॉलरच्या घरात आहे, आणि भारतातल्या केंद्राचा आकार वेगळा. डॉलर ८८ रुपये धरला तर हेच दोन लाखांच्या आसपास गेले. इंग्रजीची परीक्षा तीस हजारांच्या पुढे. अर्जाचा हिशेब २०२५ च्या हंगामाचा सांगतो : एका शाखेत पहिल्या ३० जागांना प्रत्येकी ११ डॉलर, पुढच्या प्रत्येक जागेला ३० डॉलर. शंभर ठिकाणी अर्ज केला तर ३३० अधिक २,१००, म्हणजे २,४३० डॉलर झाले. पुन्हा दोन लाखांवर गेले. म्हणून अर्ज मुठीने फेकायचे नसतात. फ्रीडाच्या यादीतून निवडून, टोकण पद्धतीने पेरायचे असतात. शिवाय प्रश्नसंचाची वर्गणी, कागदपत्रांची फी, आणि तिथल्या इस्पितळात महिना-दोन महिने काम पाहायला गेले तर जाणे-राहणे. असा हा खर्च तीन-चार वर्षांत पसरतो.

यावर आमचे सांगणे असे. हा खर्च टप्प्याटप्प्याने करा, एकरकमी कोणाच्या हाती देऊ नका. पहिला टप्पा पास झाल्यावर दुसऱ्याचे पैसे काढा. मुलगी डॉक्टर आहे; इथे नोकरी करत अभ्यास केला तर निम्मा भार तीच उचलील. सरकारी कॉलेजात शिकलेल्यांची बंधपत्राची एक वर्षाची सेवा असते. ती नीट पार पाडली तर पगारही मिळतो आणि अनुभवही. जमीन विकून तर या वाटेला मुळीच जाऊ नये. शंभरात ४२ जण जिथे रिकाम्या हाताने परततात, तिथे सातबाऱ्यावरचे नाव पणाला लावणे शहाणपणाचे नाही.

दलाल कसा ओळखावा?

चार खुणा सांगतो. एक, तो जागेची हमी देतो. दोन, तो पावती देत नाही, किंवा "परीक्षा फी आमच्यामार्फत भरा" म्हणतो. खरी फी उमेदवार स्वतःच्या खात्यातून मूळ वेबसाइटवरच भरतो. तीन, तो मुलीच्या खात्याचा पासवर्ड स्वतःजवळ ठेवतो. चार, तो घाई करतो : "आज भरा, उद्या जागा जाईल." या वाटेवरची प्रत्येक तारीख महिनोन्महिने आधी जाहीर होते. घाई असते ती फक्त दलालाला.

क्लास लावू नये असे आमचे म्हणणे नाही. चांगले शिकवणारेही आहेत आणि मुलीला गरज वाटली तर तिने जरूर लावावा. पण शिकवणीची फी वेगळी आणि 'काम करून देण्याची' फी वेगळी. पहिली द्या, दुसरी देऊ नका.

आणि गावाचे काय?

शेवटी मनातली गोष्ट. पुष्कळ आई-बाप पत्रात लिहीत नाहीत, पण ती ओळींमधून दिसते. पोर गेली तर परत येईल का? आपल्याच आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही आणि आपली मुलगी तिकडे, हे बरे का?

याला एक उत्तर नाही. पण एक उदाहरण आपल्या शेजारचे आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी साठच्या दशकात अमेरिकेला गेले. तिथल्या इस्पितळांत प्रशिक्षण घेतले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले, आणि परत आले. कुठे? पुण्या-मुंबईला नव्हे, तर जामखेडला, बीडच्या सीमेवरच्या दुष्काळी टापूत. १९७० साली त्यांनी तिथे काम सुरू केले. गावच्या बायांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवले. मुलाचे वजन करणे, जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी देणे, बाळंतपण स्वच्छ करणे ही कामे त्या बाया करू लागल्या आणि गावोगाव मुले वाचू लागली. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अमेरिकेत शिकलेले ज्ञान त्यांनी मराठी खेड्याच्या उंबऱ्यात आणून ठेवले.

सर्वांनाच ते जमेल असे नाही. कोणी तिथेच राहील, कोणी पाच वर्षांनी येऊन परभणीत दवाखाना घालील, कोणी जाणारच नाही आणि इथल्या नीट-पीजीच्या वाटेने इथेच तज्ज्ञ होईल. तिन्ही वाटा मानाच्या आहेत. मुलीवर आपल्या हट्टाचे ओझे टाकू नका, आणि शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून तिला ढकलूही नका.

पैसे काढण्याआधी एका संध्याकाळी घरातली सर्व माणसे जमवा आणि मुलीला पाच प्रश्न विचारा. कॉलेजची नोंद पाहिलीस का? फुकटच्या नमुना प्रश्नांत किती बरोबर आले? कोणती शाखा, आणि तिथे आपल्यासारख्यांना किती जागा मिळाल्या? जागा मिळाली नाही तर पुढे काय? हमीपत्रावर सही करशील तर पाळशील का? पाचही उत्तरे ती मोबाइलवर मूळ वेबसाइट दाखवून देऊ शकली, तर तिच्या पाठीवर हात ठेवा आणि म्हणा, "जा पोरी, अभ्यासाला लाग." एखादे उत्तर अडले, तर रागावू नका, ते शोधायला तिला महिनाभर द्या. तेवढ्याने काही बुडत नाही, आणि रब्बीचे पाणीही तोवर देऊन होते.